चाळीस गुंठ्यांचे सव्वापस्तीस कसे झाले?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मोजणी खात्यात मी ३१ वर्षे अनुरेखक होते. अनुरेखक म्हणजे ट्रेसर. काचेच्या टेबलावर जुना नकाशा पसरायचा, वर ट्रेसिंग क्लॉथ ठेवायचे आणि रूलिंग पेनने रेघ न् रेघ उतरवायची. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी गावाकडची माणसे कागद घेऊन अजून येतात. गेल्या महिन्यात दोन चुलत भाऊ आले, आणि त्यांच्यामुळेच हे पत्र लिहिते आहे.

थोरल्याचे म्हणणे असे, की धाकट्याने बांध कोरत कोरत त्याचे जवळजवळ पाच गुंठे खाल्ले. पुरावा म्हणून त्याच्या हातात मोजणी नकाशाची प्रत होती. खाली स्वच्छ लिहिलेले, ‘प्रमाण १:१०००’. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवरचा एक मीटर. त्याच्या मुलाने शाळेची पट्टी लावून लांबी काढली ८५.१ मिलिमीटर, रुंदी काढली ४२ ला किंचित कमी. गुणाकार केला तर भरले सव्वापस्तीस गुंठे. उतारा सांगतो चाळीस. मुलाचे गणित बरोबर होते, मी स्वतः दोनदा करून पाहिले.

चूक कागदात होती. प्रत हातात घेताच चारही बाजूंचा पांढरा काठ मला नेहमीपेक्षा रुंद दिसला. कुणीतरी मूळ नकाशा मोबाइलवर मागवला, झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतला, आणि छापताना यंत्राने तो ‘फिट टू पेज’ करून १०० चा ९४ केला. रेषा आक्रसल्या, अक्षरे आक्रसली, पण ‘१:१०००’ या शब्दांचा अर्थ काही आक्रसत नाही. तो आकडा त्या क्षणापासून खोटा झाला, आणि नुसता आकडा वाचून कुणालाही ते कळण्याचा मार्ग राहिला नाही. लांबी शंभराला सहाने घटली तर क्षेत्र सहाने घटत नाही. ९४ गुणिले ९४ करा, ८८ आणि थोडे वर येते. चाळीसातले साडेचार-पावणेपाच गुंठे असे एका बटणाने गेले. बांध जिथल्या तिथे होता.

हे त्यांना तोंडाने सांगून पटले नाही. म्हणून मी जुन्या टिपणाची, म्हणजे मोजणीच्या वेळी लिहून ठेवलेल्या मापांची, नक्कल मागवली. आपल्याकडची जमीन मोजायची शंकू साखळी ३३ फुटांची, म्हणजे इंग्लंडात एडमंड गंटर यांनी १६२० मध्ये रूढ केलेल्या ६६ फुटी साखळीची बरोबर अर्धी, आणि तिचे भाग सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, की झाला एक गुंठा, १०८९ चौरस फूट. त्यामुळे साखळीने साखळी गुणली की उत्तर थेट गुंठ्यांतच येते. शेतात उन्हात उभे राहून करता यावा असा तो हिशेब आहे, आणि ज्यांनी तो बसवला त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. टिपणात या शेताची लांबी होती ९ साखळ्या, रुंदी ४ साखळ्या ७ आणे. गुणाकार ३९ गुंठे १५ आणे. चाळीसाला एक आणा कमी.

नऊ साखळ्या म्हणजे ९०.५ मीटर. खऱ्या प्रतीवर त्या बांधाची रेघ ९०.५ मिलिमीटर भरायला हवी होती, हातातल्या कागदावर भरत होती ८५.१. इथे मी माझा प्रपोर्शनल कंपास काढला.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. दोन पितळी पाय, दोघांनाही दोन्ही टोकांना पोलादी टोच. मधून लांब खाच आणि त्या खाचेत सरकणारा स्क्रू. पाय उघडले की फुलीचा आकार होतो, वर एक त्रिकोण, खाली एक त्रिकोण, दोन्ही समरूप. स्क्रू जिथे आवळाल त्यावर दोन बाजूंच्या उघाडीचे गुणोत्तर ठरते, आणि मग तुम्ही कंपास कितीही उघडा, ते गुणोत्तर ढळत नाही. मी एका बाजूला ८५.१ धरले आणि स्क्रू सरकवत दुसऱ्या बाजूला ९०.५ येईपर्यंत जुळवला. आवळला. मग थोरल्याच्याच हातात कंपास दिला. अरुंद टोके रुंदीच्या रेघेवर ठेवायला लावली, कंपास उलटा करून रुंद टोके पट्टीवर ठेवायला लावली. ४४.६ आले. चार साखळ्या सात आणे म्हणजे ४४.६ मीटरच. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विहिरीपासून कोपऱ्यापर्यंतची रेघ तशीच स्वतःहून मोजली.

नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्या हेड ड्राफ्ट्समनसाहेबांनी मला महिनाभर शाई उघडू दिली नव्हती. नुसता डिव्हायडर, म्हणजे दोन्ही पायांना टोच असलेला कंपास, चालवायचा. एक रेघ वीस पावलांत मोजायची, मग तीच परत. पावलामागे दशांश मिलिमीटर चुकले तर विसाव्या पावलाला दोन मिलिमीटर चुकतात, आणि १:५००० च्या गाव नकाशावर ते जमिनीचे दहा मीटर. दहा मीटरवर माणसे कुऱ्हाडी काढतात, असे ते म्हणत. रेघेची जाडीसुद्धा ते भिंगाखाली धरत. पाव मिलिमीटरच्या जरा आत, दोन दशांशाची रेघ, १:५००० ला पूर्ण एक मीटर रुंद असते.

याच साहेबांकडून मला या हत्यारांचा इतिहास कळला. पायांचे प्रमाण कायम असलेले असे कंपास पाँपेईच्या उत्खननातही मिळाले आहेत. सरकत्या स्क्रूचा कंपास सोळाव्या शतकाच्या अखेरीस योस्ट ब्युर्गी या घड्याळजीने घडवला. गॅलिलिओने १५९७ च्या सुमारास पादुआत आपला भूमितीय आणि लष्करी कंपास तयार केला. तोही समरूप त्रिकोणांवरच चालतो. पँटोग्राफची, म्हणजे चित्र लहान-मोठे करून उतरवणाऱ्या दांड्यांच्या चौकटीची, गोष्ट मला सगळ्यांत आवडते. जर्मनीतल्या डिलिंगन गावात एक चित्रकार बढाई मारत असे, की माझ्याकडे कोणतेही चित्र हव्या त्या मापात उतरवणारी युक्ती आहे, पण ती मी सांगणार नाही. क्रिस्टोफ शायनर या तरुण जेझुइट शिक्षकाने ती स्वतः विचार करून शोधली. वर्ष १६०३. आणि लपवून न ठेवता त्यावर पुस्तक लिहिले, ते १६३१ मध्ये रोममध्ये छापले गेले. त्याच १६३१ साली ब्रसेल्समध्ये पिएर व्हर्निए यांचे पुस्तक आले, ज्यातल्या सरकत्या पट्टीमुळे आज प्रत्येक टर्नरच्या खिशातला व्हर्निअर कॅलिपर मिलिमीटरच्या आतले वाचतो. ज्ञान कुलुपात ठेवणारा तो चित्रकार विस्मरणात गेला. शायनरची चार दांड्यांची चौकट मी १९८०च्या दशकात रोज चालवत होते.

माझा कंपास मात्र मला खात्यातून मिळालेला नाही. तो मी भंगारवाल्याकडून घेतला. कुठल्याशा कचेरीने जुनी कपाटे काढली तेव्हा पितळ म्हणून किलोवर गेलेला माल होता तो. पँटोग्राफच्या दांड्या होत्या, चाके गायब. कर्णपट्ट्या, म्हणजे तिरप्या रेषांनी बारीक माप वाचायच्या पट्ट्या, होत्या. कंपासाची पेटी फुटलेली, आतली मखमल कसरीने खाल्लेली, पण पायांवरच्या खुणा शाबूत. एका बाजूला ‘लाइन्स’ आणि ‘सर्कल्स’, दुसरीकडे ‘प्लॅन्स’ आणि ‘सॉलिड्स’. या ‘प्लॅन्स’च्या दोनवर स्क्रू लावला की लांबी दुप्पट होत नाही, साधारण १.४१ पट होते, कारण तिथे क्षेत्र दुप्पट करायचे असते. त्या दोन भावांचे भांडण ज्यावरून झाले, तो लांबी आणि क्षेत्रातला फरक पितळेवर कोरून ठेवलेला होता, आणि ते पितळ वितळायला निघाले होते. मला ते पाहून रडू आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

माझी विनंती संबंधितांना अशी आहे. नकाशाच्या प्रत्येक प्रतीवर, अगदी नकाशाला खेटून, रेषेने काढलेली प्रमाणपट्टी छापावी. नुसता ‘१:१०००’ असा आकडा पुरत नाही. काढलेली पट्टी नकाशाबरोबर आक्रसते, नकाशाबरोबर ताणली जाते, म्हणून झेरॉक्सची झेरॉक्स काढली तरी ती खरेच सांगते. कोपऱ्यात एकटी छापली तर दुकानात कापली जाते, म्हणून खेटून. याला नवे यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत. हल्ली मोजणी उपग्रहाच्या मदतीने होते आणि ती आमच्या साखळीपेक्षा अचूक आहे, यात वाद नाही. पण शेतकऱ्याच्या हातात शेवटी कागदच येतो.

दुसरे म्हणजे, ज्या कचेऱ्यांत अशा पेट्या अजून आहेत त्यांनी त्या भंगारात काढण्यापूर्वी जवळच्या हायस्कूलला विचारावे. समरूप त्रिकोण नववी-दहावीच्या मुलांना फळ्यावर शिकवतात. आमच्या गल्लीतल्या दोन मुलींना मी तो कंपास दिला, तर पंधरा मिनिटांत त्यांनी खिडकीच्या गजांचे चित्र तिप्पट करून आणले आणि विचारले, ‘आजी, पृथ्वीचा गोल असा मोठा करता येईल का?’ मी त्यांना ‘सॉलिड्स’ची, म्हणजे घनफळाची, बाजू उलटून दाखवली.

ते दोघे भाऊ आता एकत्र अर्ज करून हद्द कायम मोजणी करून घेत आहेत. थोरल्याने जाताना ती प्रत माझ्याकडेच ठेवली. तिच्या खाली मी ८५.१ आणि ९०.५ हे दोन आकडे लाल शाईने लिहून ठेवले आहेत.

आपली,
एक निवृत्त अनुरेखक, सातारा