बीट जनावरांना द्या, पण तोलून

संपादक महोदय,

बाजारात बिटाचा भाव पडला की गोण्याच्या गोण्या गव्हाणीत रित्या होतात. माल सडण्यापेक्षा जनावरांच्या पोटी लागावा, हे योग्यच. पण बीट म्हणजे हिरवा चारा नव्हे. 10 किलो बिटात कोरडा भाग जेमतेम सव्वा किलो आणि त्यात साखरच 700 ग्रॅमच्या आसपास. भुकेल्या गाईने एका वेळी 30-40 किलो बीट खाल्ले, तर दोन-अडीच किलो साखर कोठीपोटात आंबून तिचे आम्ल होते. रवंथ थांबते, आंबूस वासाची पातळ हागवण लागते, गाय बसते. अशा वेळी गुळाचे पाणी पाजू नका, त्याने आम्ल आणखी वाढते. बीट काढून घ्या, कडबा समोर ठेवा आणि लगेच डॉक्टर बोलवा.

मोठ्या गाई-म्हशीला सुरुवात दोन किलोने करावी आणि दिवसाआड किलोभर वाढवत 10-12 किलोवर थांबावे. तेही दोन वेळांत विभागून, आधी कडबा खाऊ घालून. माती धुवावी आणि बोटाएवढ्या जाडीच्या उभ्या फोडी कराव्यात. अख्खे बीट अन्ननलिकेत अडकले की ढेकर बंद होतो आणि पोट फुगून जनावर तासाभरातही दगावू शकते. पाल्यातले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते. त्यामुळे नुकत्याच व्यालेल्या गाईला पाला देऊच नये, इतरांना एक दिवस सुकवून थोडाच द्यावा. फवारणी झालेला पाला तर गोठ्यात आणूच नये.

घोड्यांच्या बाबतीत गल्लत वेगळीच आहे. परदेशात घोड्यांना ‘बीट पल्प’ देतात, तो साखर काढून घेतल्यावर उरलेला साखर बिटाचा चोथा, लाल बिटाचा नव्हे. साखर गेल्यामुळे तो तंतुमय खाद्य ठरतो. चोथ्याच्या कांड्या असतील तर चौपट पाण्यात पूर्ण फुलेपर्यंत भिजवाव्या लागतात. घाईने खाणाऱ्या घोड्याच्या घशात कोरड्या कांड्या अडकतात. आपल्या उन्हाळ्यात रात्रभर भिजवलेला चोथा सकाळपर्यंत आंबतो, तो टाकून द्यावा. ताजे लाल बीट घोड्याला खाऊ म्हणून एखादे, उभे चिरून, एवढेच. ज्याचे खूर साखरेने सुजतात, त्याला तेही नको.

लघवी लालसर झाली की ‘बिटाचा रंग’ म्हणून दुर्लक्ष होते. व्यायल्यानंतरच्या महिन्यात म्हशीची लघवी कॉफीसारखी गडद झाली आणि डोळ्यांची आतली त्वचा पांढरी पडली, तर ते रक्तपेशी फुटल्याचे लक्षण असू शकते. बिटात फॉस्फरस कमी असतो आणि त्याची कमतरता हे या आजाराचे एक कारण आहे. गोचीडतापातही लघवी अशीच होते. म्हणून बीट चालू असेपर्यंत रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे आणि लघवी गडद दिसली की त्याच दिवशी रक्त तपासून घ्यावे.

– एक पशुवैद्यक, जि. पुणे