पिल्लं भरवताना: मंजूला पत्र

नाशिक, 12 जानेवारी

प्रिय मंजू,

काल फोनवर घाईचं तेवढंच बोलणं झालं: आधी कॉकाटेलच्या, म्हणजे तुझ्या त्या तुरेवाल्या लहान पोपटांच्या, पिल्लांना ऊब दे, अंग गार असेपर्यंत चोचीत काही घालू नकोस. बाकीचं मुद्दाम लिहून पाठवते आहे. भरवायच्या वेळी दोन्ही हात अडकलेले असतात, फोन कोण धरणार? हे कागद ओट्याच्या वर चिकटवून ठेव.

मादी गेल्याचं फार वाईट वाटलं गं. पण नर आहे ना? मग आधी त्याच्याकडे बघ. कॉकाटेलमध्ये दोघंही अंडी उबवतात, साधारण दिवसा नर आणि रात्री मादी, आणि पिल्लांना दोघंही भरवतात. नर घरट्याच्या पेटीत जात असेल आणि पिल्लांच्या गळ्याखालची पिशवी, म्हणजे क्रॉप, भरलेली दिसत असेल तर ते काम त्याच्याकडून काढून घेऊ नकोस. त्याच्यासमोर भरपूर मऊ अन्न ठेव, जे पिल्लू मागे पडतंय त्याला तू थोडं वर भरव. खरा प्रश्न रात्रीचा. तुझ्या सांगण्यावरून पिल्लं दोन आठवड्यांची दिसतात, डोळे उघडलेत पण पिसं अजून काट्यांसारखीच आहेत. या वयात त्यांना 29 ते 32 अंश ऊब लागते, आणि निफाडची जानेवारीतली पहाट तुला मी काय सांगू! द्राक्षाच्या बागेत शेकोट्या पेटतात त्या थंडीत उघड्या अंगाचं पिल्लू तग धरत नाही.

नर लक्षच देत नसेल तर तिन्ही पिल्लांना एका प्लास्टिकच्या डब्यात घे. भोकं पाड, बल्ब डब्याबाहेर ठेव, आत थर्मामीटर आणि झाकण लावलेली पाण्याची वाटी, झाकणाला भोकं. खाली जुना टॉवेल, त्यावर टिश्यू. भुसा नको, पिल्लं तो गिळतात. नुसता वर्तमानपत्राचा कागदही नको, त्यावर पाय घसरून फाकतात आणि तसेच वाढतात. पिल्लं चोच उघडून धापा टाकत एकमेकांपासून लांब पसरली की उष्णता जास्त झाली, एकमेकांवर चढून थरथरायला लागली की कमी. वीज गेली तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून डब्याच्या एका बाजूला ठेव, म्हणजे नको असेल त्या पिल्लाला दूर सरकता येईल.

आता तू विचारलंस ते. दुकानातल्या माणसाने नळीने भरवायला सांगितलं, दोन मिनिटांत तिघांचं उरकतं म्हणाला. मंजू, नळी वापरू नकोस. हे मी अगदी ठासून सांगते आहे.

पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असतं आणि आपल्यासारखं त्यावर झाकण नसतं. भुकेलं पिल्लू डोकं जोरजोरात खालीवर हलवतं तेव्हा श्वासनळीचं ते तोंड आपोआप मिटतं आणि घास नीट अन्ननलिकेत जातो. म्हणजे सुरक्षित भरवणं सगळं त्या डोलण्यावर आहे. नळी नेमकी तेवढंच टाळते. पिल्लाला हवं आहे की नाही हे न विचारता ती अन्न थेट क्रॉपमध्ये ओतते. मोठ्या पैदासवाल्यांकडे एकावेळी पुष्कळ पिल्लं असतात, हातही बसलेला असतो, म्हणून ते करतात. आजारी, अर्धवट शुद्धीतल्या पिल्लाला डॉक्टर नळी घालतात ते योग्यच. पण नवख्या हातात नळी चुकून श्वासनळीत जाते, क्रॉपला भोक पाडते, किंवा सिरिंजवरून सुटून पिल्लाच्या पोटात राहते. इथे गंगापूर रोडला एका ओळखीच्यांच्या घरी असं सुटलेलं नळीचं टोक शस्त्रक्रिया करून काढावं लागलं. पिल्लू वाचलं, पण त्या घरातल्या मुलीचं रडणं मी पाहिलं आहे. शिवाय नळीवर वाढलेल्या पिल्लाला चव, चावणं, गिळणं यांची ओळख उशिरा होते. पुढे दाण्यावर यायलाही ते वेळ लावतं.

तू चमच्याने भरव. स्टीलचा लहान चमचा घे, दोन्ही कडा पकडीने आत वळव म्हणजे पन्हळ होईल, धार पॉलिश पेपरने घासून काढ. पिल्लू टॉवेलवर ठेव, मान सरळ वर. चमचा त्याच्या डाव्या बाजूने चोचीला लाव, म्हणजे ते तुझ्याकडे तोंड करून असेल तर तुझ्या उजवीकडून. अन्ननलिका मानेच्या उजव्या अंगाला असते, म्हणून डावीकडून उजवीकडे हीच दिशा. डोलायला लागलं की ते स्वतःच ओढून घेतं. थांबलं की तूही थांब. वेळ लागतो, अंगावर सांडतं, चोचीभोवतीचं कोमट पाण्याच्या कापसाने पुसावं लागतं. तो वेळ दे.

हात बसल्यावर बिनसुईची 5 मिलीची सिरिंज वापरायला हरकत नाही. तिचा धोका एकच, पण मोठा: वापरून वापरून आतलं रबर अडकायला लागतं, आपण जोर देतो आणि एकदम सगळं घशात उडतं. म्हणून सिरिंज वरचेवर बदलायची आणि पिल्लाच्या डोलण्याबरोबरच दाबायची. नाकातून अन्न बाहेर आलं, खोकला आला, श्वासात टकटक आवाज आला, किंवा श्वासाबरोबर शेपूट हलायला लागली, तर त्या वेळचं भरवणं तिथेच बंद. उबेत ठेव आणि डॉक्टरांना फोन कर.

अन्नाचं तापमान 39 ते 41 अंश. थर्मामीटरने मोज, मनगटावर थेंब टाकून कळत नाही. गार असलं तर पिल्लू घेत नाही, घेतलंच तर क्रॉप मंदावते. 43 च्या वर गेलं तर क्रॉप आतून भाजते, आणि दुष्टपणा असा की त्या दिवशी काहीच दिसत नाही. काही दिवसांनी गळ्याखाली खपली धरते, भोक पडतं आणि भरवलेलं छातीवरून गळायला लागतं. मायक्रोवेव्ह म्हणूनच नको. त्यात एक कोपरा कोमट तर दुसरा उकळता असतो. उकळून निवलेल्या पाण्यात पिल्लांच्या अन्नाची पावडर कालव, वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेव आणि तिन्ही पिल्लं होईपर्यंत ढवळत राहा.

पावडर पक्ष्यांच्या पिल्लांचीच आण, कॉलेज रोडला मिळाली नाही तर मी ऑनलाइन मागवून देते. पातळ पिठल्याइतकं सैल हवं, घट्ट नको. दूध-पोळी, दूध-ब्रेड, बाळांचं दूध घातलेलं पीठ यातलं काही देऊ नकोस, पक्ष्यांना दुधातली साखर पचत नाही. सासूबाई डाळीचं पाणी म्हणतात त्यामागे माया आहे हे मला कळतं, पण वाढत्या कॉकाटेलला अन्नात सुमारे 20 टक्के प्रथिनं लागतात. नुसत्या डाळीच्या पाण्यात ती भरत नाहीत.

एका वेळी वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतकं, म्हणजे 50 ग्रॅमच्या पिल्लाला 5 मिली. दर चार तासांनी, सकाळी सहा ते रात्री दहा-अकरा. क्रॉप हाताला मऊ लागली पाहिजे, ताणलेली नको. रात्रीतून ती एकदा पूर्ण रिकामी व्हायलाच हवी. सकाळी त्यात कालचं शिल्लक असेल तर त्यावर नवं घालू नकोस, ते आंबतं, बुरशी धरते. ते प्रकरण घरी निस्तरण्यातलं नाही. प्रत्येकाचा चमचा वेगळा, उरलेलं फेकून द्यायचं. रोज पहिल्या घासाआधी मसाला मोजायच्या डिजिटल काट्यावर वजन कर आणि लिही. एक दिवस वजन वाढलं नाही तरी मला कळव.

अजून एक. घरात धूप, कापूर, मच्छर अगरबत्ती त्या खोलीत नको, आणि नॉनस्टिकचा तवा रिकामा तापत ठेवू नकोस. त्या कोटिंगच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतात.

तिघांना एकत्रच वाढव, कुणाला वेगळं देऊन टाकू नकोस. 1988 च्या एका अभ्यासात हाताने वाढवलेल्या कॉकाटेल नरांची पुढे पैदास कमी झाली, माद्यांनी अंडी पेटीऐवजी जमिनीवर घातली. पक्ष्याने पक्ष्यांतच वाढायला हवं, आपण फक्त भरवणाऱ्या. महिन्याभराची होऊन पिल्लं उडायला लागतील तेव्हा वजन थोडं उतरेल, घाबरू नकोस. त्याच सुमारास राळ्याची कणसं, उकडलेला मका, कोथिंबीर समोर ठेवत जा. चमचा आपणहून नाकारेपर्यंत रात्रीचं भरवणं चालू ठेव. उपाशी ठेवून दाण्यावर आणतात लोक, मला ते अजिबात पटत नाही. पाला मात्र बागेच्या कडेचा देऊ नकोस, तुमच्याकडे फवारण्या चालू असतात.

आणि वाड्यावरच्या मुलांनी आंब्याच्या ढोलीतून पोपटाचं पिल्लू काढून आणलंय म्हणालीस, ते यांच्या डब्यात ठेवू नकोस. आपला कंठवाला पोपट पाळायला 1972 च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. धडधाकट असेल तर त्याच ढोलीत परत ठेवायला लाव. माणसाचा हात लागला म्हणून आई टाकते हे खरं नाही, ती भरवायला येते. जखमी असेल तर वनखात्याचा 1926 नंबर फिरव.

थर्मामीटर आणि वळवलेले तीन चमचे उद्याच्या एसटीने पाठवते, स्टँडवर कुणाला तरी उभं कर. रविवारी मी येते, तोवर सकाळची वजनं रोज पाठव, आणि नर पेटीत जातोय का तेही आजच बघून सांग.

तुझी,
रेखा