पाच पावसाळे

तीर्थरूप आई-बाबांस, साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला तीन वेळा सुरुवात केली आणि तिन्ही वेळा आईच्या गुडघ्यांची चौकशी करून फोन ठेवला, म्हणून लिहिते आहे. बँकेच्या नोकरीचा मी राजीनामा दिला आहे. नोटिशीचे तीन महिने मेअखेर संपतील आणि जूनमध्ये मी कोल्हापूरला, शिवाजी विद्यापीठात, पीएच.डी.साठी रुजू होईन. आधी विचारले नाही, हे चुकलेच. पण विचारले असते तर आई 'नको' म्हणाली नसती, नुसती गप्प झाली असती, आणि माझा धीर तिथेच सुटला असता.

पैशांचे आधी सांगते, कारण इथवर वाचून बाबांनी चष्मा काढला असेल. नेट परीक्षेत मिळालेल्या जेआरएफवर, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीवर, तीन वर्षांच्या आत रुजू व्हावे लागते आणि ती मुदत यंदा संपते. पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढची तीन वर्षे ४२,००० रुपये मिळतील. पगारापेक्षा हे कमी आहे, पण आईच्या पाटल्या दिवाळीतच सोडवल्या आहेत, माझ्या नावावर कर्ज नाही आणि तात्यांच्या वेळी झाले तसे काही होणार नाही. वसतिगृहात दोन्ही वेळा भात मिळतो. कोकमाच्या आगळाची बाटली तेवढी लागेल.

बाबा, विषय ऐकून तुम्ही हसाल: सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळावरच्या, पावसाळी वनस्पती. ज्या कातळात सुरुंग लावून तुम्ही खड्डे फोडले, बाहेरून माती आणून फळबाग योजनेतली कलमे जगवली, तो कातळ मला आहे तसाच हवा आहे. तुमच्या कष्टांना यात उणे नाही, त्या बागेच्या पैशांवरच मी शिकले. पण शेजारच्या मोकळ्या सड्यावर श्रावणात सीतेची आसवे फुलतात ना, त्या झाडाच्या तंतूंवर टाचणीच्या डोक्याहूनही लहान पिशव्या असतात आणि त्या पाण्यातले बारीक जीव आत ओढतात. कातळावरच्या चार बोटे मातीत नत्र फारसे नसते, म्हणून त्याने केलेली ही सोय आहे. अशी झाडे चार महिन्यांत उगवून, फुलून, बी टाकून नाहीशी होतात, त्यामुळे एक पावसाळा हुकला की वर्ष गेले. पाच वर्षे कशाला, असे वाडीत कुणी विचारले तर एवढेच सांगा, की तिला पाच पावसाळे हवे आहेत. रत्नागिरीच्या स्थळालाही हेच कळवा, जरा गोड शब्दांत.

पहिली तीन-चार वर्षे तुम्ही कलमांचा मोहोर खुडून टाकत होता, ते मला परवा आठवले. बाबा आंबे टाकून देतात म्हणून मी तो फ्रॉकच्या ओच्यात भरून रडत आईकडे आले होते. आई, तू तो तांब्यात घालून खिडकीत ठेवलास आणि दुसऱ्या दिवशी सगळी चौकट चिकट झाली. तेव्हा बाबांनी मला काहीच समजावले नव्हते, आईने मात्र चौकट घासता घासता दोघांनाही ऐकवले होते.

आता माझे ऐका. बाबांनी यंदा झाडावर चढायचे नाही; आंबे उतरवायला झेला आहे, गडी आहे, त्याची मजुरी मी पाठवते. रक्तदाबाची गोळी 'आज बरे वाटते' म्हणून चुकवायची नाही. आईने विहिरीवरून कळशी आणायची नाही. पंप दुरुस्त करणाऱ्याला मी आजच फोन केला आहे.

कोल्हापूरहून राधानगरी, फोंडा घाट करून मी आता नाशिकहून येते त्यापेक्षा कितीतरी लवकर घरी पोहोचेन आणि पावसाळ्यातले बरेच दिवस तिथेच असेन, कारण आपला सडा माझ्या कामात आहे. माडीवरच्या सुपाऱ्या एका कोपऱ्यात सारून ठेवा. आणि जुनी वर्तमानपत्रे रद्दीवाल्याला मुळीच देऊ नका, झाडे दाबून वाळवायला मला सगळी लागतील.

तुमची,
बाय