जुन्या फोर-स्ट्रोक स्नोमोबाईलविषयी आई-बाबांना पत्र

रेव्हलस्टोक, ब्रिटिश कोलंबिया

तीर्थरूप आई व बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी जुनी स्नोमोबाईल घेण्याचा विषय काढला तेव्हा आईने विचारले की बर्फात फिरण्यासाठी चार लाख रुपये कशाला घालवायचे. आणि बाबा, तुम्ही एवढेच म्हणालात की इंजिन आधी नीट पाहून घे. दोघांचेही म्हणणे रास्त आहे. फोनवर त्याचे पुरते उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

स्नोमोबाईल म्हणजे बर्फावर चालणारे इंजिनाचे वाहन. या यंत्राला पुढे दोन स्की (बर्फावर घसरणाऱ्या लांब फळ्या) आणि मागे रबराचा एक अखंड पट्टा असतो. दाबून सपाट केलेल्या वाटांवर चालणाऱ्या यंत्राचा पट्टा साधारण १२० ते १३७ इंचांचा असतो आणि त्यावरची रबरी पाती इंच-सव्वा इंच उंच असतात. डोंगरातल्या ताज्या, भुसभुशीत बर्फात मात्र असे यंत्र थोड्याच अंतरावर रुतून बसते, कारण त्या बर्फाला वजन पेलण्याइतका घट्टपणा आलेला नसतो. म्हणून डोंगरी यंत्राचा पट्टा १४४, १५३ किंवा १६२ इंच लांब ठेवतात, म्हणजे वजन पसरते, आणि पाती दोन इंचांहून उंच असतात, म्हणजे ती बर्फ मागे लोटत यंत्राला वर उचलून धरतात. इथला बर्फ किती खोल असतो याची कल्पना यावी म्हणून सांगते: या गावाजवळच्या माउंट कोपलँडवर १९७१-७२ च्या हिवाळ्यात २४ मीटरहून अधिक हिमवर्षाव नोंदला गेला, आणि तो कॅनडातील विक्रम मानला जातो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले ते दिवस पाहिलेल्या आपल्या घरातल्या माणसाला एवढ्या बर्फासमोर उभे राहिल्यावर काय वाटते, ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही. पण या डोंगरांची मला जी ओढ लागली आहे, तिचे मूळ तिथेच आहे.

मी पाहिलेले यंत्र २०१२ सालचे यामाहा नायट्रो एमटीएक्स आहे. त्याचे इंजिन १०४९ सीसीचे, तीन सिलिंडरचे आणि फोर-स्ट्रोक आहे. शक्ती सुमारे १३० अश्वशक्ती. विक्रेता साडेसहा हजार कॅनेडियन डॉलर मागतो. नव्या डोंगरी यंत्राला याच्या दुपटीहून बरेच अधिक पैसे लागतात.

डोंगरात जाणारे बहुतेक लोक टू-स्ट्रोक यंत्र घेतात, आणि त्यामागे खरे कारण आहे. आजचे चांगले टू-स्ट्रोक डोंगरी यंत्र कोरडे, म्हणजे पेट्रोल वगैरे न भरलेले असताना साधारण २०० किलो भरते. हे त्याहून ४०-५० किलोने जड आहे, आणि तो भार पुढच्या बाजूला असल्यामुळे मऊ बर्फात नाक खाली जाते. रुतल्यावर काढायला कष्ट पडतात, आणि उतारावर यंत्र एका कडेवर तोलून आडवे नेणे माझ्यासारखीला अवघडच जाणार. शिवाय टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा भाग) नसलेल्या कोणत्याही इंजिनाची शक्ती उंचीबरोबर घटते. दर १०० मीटरला सुमारे एक टक्का धरला, तर दोन हजार मीटरवर पाचवा हिस्सा गेलेला असतो. हे सर्व माहीत असूनही मी फोर-स्ट्रोककडे वळले आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर ऑइलही जळत राहते, पेट्रोल अधिक लागते, आणि जुने यंत्र घेतले तर पिस्टन कधी बदलावे लागतील याची धास्ती कायम राहते. फोर-स्ट्रोक इंजिन वेळच्या वेळी ऑइल बदलले तर वर्षानुवर्षे न उघडता चालते, आवाज कमी करते आणि एका टाकीत दूर जाते. वस्तीपासून कित्येक किलोमीटर आत, उणे पंधरा अंशांत, इंजिन पुन्हा सुरू होणे हे मला चपळाईपेक्षा मोलाचे वाटते. एक गोष्ट मात्र सांभाळावी लागेल. अशा इंजिनाला दोरी ओढून सुरू करण्याची सोय सहसा नसते, त्यामुळे बॅटरी नवी घालणे हा पहिला खर्च असेल.

बाबा, जुना ट्रॅक्टर पाहायला तुम्ही भल्या सकाळी जात होतात, म्हणजे गार इंजिन पहिल्या सेल्फला उठते की नाही ते कळत असे. मीही विक्रेत्याला सांगून ठेवले होते की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, आणि गेल्यावर आधी सायलेन्सरला हात लावून पाहिला. इंजिन लगेच सुरू झाले, धूर नव्हता, आवाज एकसारखा होता. मीटरवर सुमारे सात हजार किलोमीटर दिसतात, पण आकड्यापेक्षा मी सांगाड्याकडे अधिक पाहिले. सीटखालच्या ॲल्युमिनियमच्या भागाला सुरकुत्या पडलेल्या असतील, तर यंत्र उंचावरून आपटलेले असते. पुढच्या स्कीचे हात जिथे जोडलेले असतात तिथे तडा किंवा नवे वेल्डिंग दिसले, तर पुढे बोलणेच नको. याआधी पाहिलेले एक यंत्र मी एवढ्याच कारणावरून सोडले, जरी ते दिसायला चकचकीत आणि याहून स्वस्त होते. या यंत्राचा सांगाडा सरळ आहे. पट्ट्याची काही पाती टोकाला झिजली आहेत, पण मुळापासून फाटलेली नाहीत. पट्टा ज्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवरून घसरतो, त्या मात्र बदलाव्या लागतील. तो किरकोळ खर्च आहे. कूलंट स्वच्छ आहे. हेही महत्त्वाचे, कारण या यंत्राला पट्टा जो बर्फ उडवतो त्यानेच इंजिन थंड ठेवायचे असते, आणि कडक बर्फावर ते लवकर तापते.

यामाहाने २०२३ मध्ये स्नोमोबाईलचा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले आणि उत्तर अमेरिकेसाठी २०२५ हे शेवटचे वर्ष ठरवले. सुटे भाग पुरवत राहू असे कंपनीने म्हटले आहे, आणि बेल्ट, पट्टा, बेअरिंग यांसारखे झिजणारे भाग इतर उत्पादकांकडूनही मिळतात. मला याची फार चिंता वाटत नाही, पण किंमत कमी करून घेण्यासाठी हा मुद्दा मी नक्की मांडणार आहे. कागदपत्रांचेही पाहिले आहे. इथे अशा वाहनाची नोंदणी सक्तीची आहे, आणि त्यावर आधीच्या मालकाचा कर्जाचा बोजा आहे की नाही ते सरकारी नोंदवहीत शोधता येते.

आई, आता तुझ्या काळजीविषयी. इथला खरा धोका यंत्राचा नाही, हिमस्खलनाचा आहे. १३ मार्च २०१० रोजी याच गावाजवळच्या बोल्डर माउंटनवर स्नोमोबाईलस्वारांच्या मेळाव्यावर हिमस्खलन कोसळले आणि दोघांचा जीव गेला. हे तुझ्यापासून लपवावे असे मला वाटत नाही. अशी बहुतेक स्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तरच वाचण्याची आशा मोठी असते. म्हणजे मदत सोबत्यांचीच. म्हणून मी अशा बचावाचे प्रशिक्षण घेतले आहे, आणि जाण्याआधी ॲव्हलांच कॅनडा या हिमस्खलनाचे इशारे देणाऱ्या संस्थेचे त्या दिवसाचे अनुमान वाचल्याशिवाय आम्ही निघत नाही. ट्रान्सिव्हर (गाडलेल्या माणसाचा ठावठिकाणा दाखवणारे रेडिओयंत्र), शोधकाठी आणि फावडे अंगावर बाळगायचे, यंत्रावर बांधून ठेवायचे नाही, कारण माणूस आणि यंत्र वेगळे होऊ शकतात. उतारावर एका वेळी एकानेच जायचे, आणि कोणी वर अडकला तरी बाकीच्यांनी त्याच्याजवळ धावायचे नाही. एकटीने मी जाणार नाही, हे तुला लिहून देते. जड यंत्र तीव्र उतारावर रुतले तर तिथे जास्त वेळ थांबावे लागते, आणि तेच सर्वांत वाईट; तेव्हा हे यंत्र मी सौम्य उतारांची पठारे आणि रानाच्या कडेची मोकळी मैदाने यांपुरतेच वापरणार आहे. तिथला बर्फही छातीएवढा खोल असतो आणि मला तोच हवा आहे.

अजून सौदा झालेला नाही. व्हॉल्व्हची गॅप तपासल्याची पावती विक्रेत्याकडे नाही, म्हणून ती तपासणी आणि कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब मोजणे) गावातल्या मेकॅनिककडून माझ्या खर्चाने करून घेणार आहे, आणि त्याचा अहवाल हाती येईपर्यंत एक डॉलरही देणार नाही. बाबा, तिन्ही सिलिंडरचे आकडे आले की मी ते तुम्हाला पाठवीन. दादाला दाखवून, आपल्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रींनाही विचारून, तुमचे मत कळवा; किंमत कमी करून मागावी की यंत्र सोडून द्यावे, हे मी त्यानंतरच ठरवीन.

आपली लेक