साटेलोटे म्हणजे काय, ते आधी पाहा

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात पहिल्याच पानावर 'नारळ व्यापारी व बागायतदारांचे साटेलोटे' हा मथळा वाचला. बातमी दोनदा वाचली. पाडणीच्या आधी व्यापारी विसार देऊन बागेतले नारळ धरून ठेवतात, एवढेच तिच्यात आहे. कोणी कोणाला लुबाडल्याचे, कायदा मोडल्याचे एक वाक्य नाही. मग मथळ्यात साटेलोटे आले कुठून?

म्हापशाच्या बाजारात आमचा नारळाचा धंदा वडिलांपासूनचा. बार्देशातल्या एका भाटकारांशी, म्हणजे बागेच्या मालकांशी, ४० वर्षांचा व्यवहार आहे. पाडेली माडावरून उतरला की त्यांच्या अंगणात मोजणी, शेकड्यामागे दोन नारळ वर, आणि हिशेब तोंडी. माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांनी दोन पाडण्यांचे पैसे मागितले नव्हते. ते काल संध्याकाळी दुकानात आले. नेहमी आत येऊन बसतात, चहा घेतात. काल उभ्याउभ्याच म्हणाले, "बाबू, विसाराची पावती दी." त्यांच्या दुबईतल्या मुलाने तुमचा मथळा मोबाईलवर वाचून फोन केला होता. मी पावती लिहून दिली. पावती मागण्यात गैर काही नाही. पण मागताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही, ते रात्रभर सलत राहिले.

साटे म्हणजे अदलाबदल, सौदा. ज्याला आता सगळे साठेखत म्हणतात, ते मूळचे साटेखत. आणि साटेलोटे म्हणजे एका घरची मुलगी देऊन त्याच घरची मुलगी सून म्हणून आणणे. आमच्या घरी ते झाले आहे. माझ्या आईच्या भावाला माझी आत्या दिली, म्हणून माझी आत्या हीच माझी मामी. दोन्ही लग्ने गावासमोर, देवळाच्या मंडपात लागली. लपवण्यासारखे त्यात काय होते? आज या शब्दाला संगनमताचा वास चिकटला आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तो वापरताना हात आखडायला हवा. लाच घेऊन कंत्राट देणाऱ्याला खुशाल लावा. उघड्यावर विसार देणाऱ्याला का?

व्यवहार, देणेघेणे, घरोबा, ऋणानुबंध, हितसंबंध, लागेबांधे, संगनमत. प्रत्येक शब्दाचे वजन वेगळे आहे. ४० वर्षांच्या देण्याघेण्याला घरोबा म्हणतात. तुमच्या उपसंपादकाला मथळ्याच्या जागेत बसणारा शब्द हवा असेल, तर 'व्यवहार' साटेलोट्यापेक्षा लांब नाही.

आणखी एक. मागे मी पाठवलेल्या पत्रातला 'पाडेली' खोडून तुम्ही 'नारळ काढणारा मजूर' छापलेत. पाडेली हा मजूर नव्हे. कोणता नारळ तयार आहे आणि कोणता अजून आठ दिवस ठेवायचा, हे तो माडावर बसून ठरवतो. गोव्यात छापल्या जाणाऱ्या मराठी दैनिकाला हा शब्द परका वाटावा, याचे मला फार वाईट वाटले.

मथळ्याची दुरुस्ती त्याच पानावर छापावी. भाटकारांना तो अंक मी स्वतः नेऊन देईन.

आपला,
एक नारळ व्यापारी, म्हापसा