नानांची पावती

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय विन्या,

न्यू जर्सीतल्या जेवणाच्या टेबलावर तू स्वतःला लिबरल म्हणालास आणि समोरच्याने तुला सरकारी दवाखान्यांचा भोक्ता समजून पाठ थोपटली, हे वाचून पोट धरून हसलो. छातीला शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला लावून शरद जोशींच्या सभांना जाणारा तू! 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणताना आपल्या लेखी लिबरलचा अर्थ एकच होता: सरकारने शेतमालावरचा हात काढावा. तिथे मात्र सरकारने हात पुढे करावा म्हणणाऱ्याला लिबरल म्हणतात. आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात तर ती सरळ शिवीच आहे.

पण हा घोळ अमेरिकेतून आलेला नाही. गोपाळ कृष्ण गोखले म्हणजे नेमस्तांचे नेमस्त, आणि १९११ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं करू देणारं विधेयक मांडलं ते त्यांनीच. उदारमतवाद्याने सक्ती मागायची! मला त्यात विसंगती दिसत नाही. पोराच्या शाळेच्या वाटेत सरकार नंतर येतं, आधी घरचेच उभे असतात.

तू विचारतोस, मी व्यक्तीच्या बाजूचा की समूहाच्या? माझ्या काकांची, नानांची गोष्ट तुला मी कधी धड सांगितली नव्हती. १९९८ साली गावकीने, म्हणजे गावच्या पंचमंडळींनी, ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध नाना ग्रामपंचायतीला उभे राहिले. पडले. तेवढ्यावर भागलं नाही, त्यांना वाळीत टाकलं. दुकानदार मीठ देईना, विहिरीवर काकू गेली की बाकीच्या बायका कळशा उचलून घरी. त्याच पावसाळ्यात आजी गेली. खांदा द्यायला तालुक्याहून नानांच्या नोकरीतले दोघे आले, तिसरे नाना, चौथा मी. एकोणीस वर्षांचा होतो. ओट्यांवर बसलेली माणसं मान फिरवत होती आणि त्यातल्या निम्म्यांनी मला लहानपणी कडेवर घेतलं होतं. अडीच वर्षांनी नानांनी देवळात नारळ ठेवला, दंड भरला, तेव्हा कुठे सुटले.

या सगळ्यात सरकारने नानांचं काहीच वाकडं केलं नव्हतं. म्हणून 'सरकार दूर ठेवा, माणूस मोकळा होतो' हे तुझं सूत्र मला अपुरं वाटतं. नाना फौजदाराकडेही गेले होते. तो म्हणाला, "मारलं का कुणी? मग गुन्हा कसला?"

मुंबई राज्याने बहिष्काराविरुद्ध १९४९ साली कायदा केला होता रे. दाऊदी बोहरांचे धर्मगुरू सय्यदना यांनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला. धार्मिक पंथाला आपला कारभार बघायचं स्वातंत्र्य आहे, हा आधार. एकटे सरन्यायाधीश सिन्हा विरुद्ध गेले. दोन्हीकडे शब्द स्वातंत्र्य हाच. एकीकडे पंथाचं, दुसरीकडे त्यातून हाकललेल्या माणसाचं. आपल्याकडे नवा कायदा यायला २०१६ उजाडलं, अंमल पुढच्या वर्षी. त्याच्या नावातच 'व्यक्तींचे संरक्षण' आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नानांना त्याचा उपयोग शून्य.

४ नोव्हेंबर १९४८ ला आंबेडकर घटना समितीत म्हणाले होते की मसुद्याने खेडं बाजूला ठेवून व्यक्ती हा घटक धरला याचा मला आनंद आहे. सभासद खवळले, आणि शेवटी ग्रामपंचायतींचं कलम ४० घटनेत आलंच. कॉलेजात हे वाचलं तेव्हा खेड्याबद्दलची त्यांची भाषा मलाही फार कडक वाटली होती. आजीच्या तिरडीनंतर नाही वाटली.

तू आता म्हणशील, मग झालं तर, आलास माझ्याच पंगतीला. थांब. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. आमच्या गावच्या घराचं छप्पर उडालं, माडाचं खोड माजघरात. टाळेबंदी, मी पुण्यात अडकलेलो. घर उभं कुणी केलं? त्याच गावकीने. गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने ताडपत्र्या धाडल्या, वाशांना खांदा गावच्या पोरांनी दिला, कौलं चढवायला दुकानदाराचा मुलगा वर. मजुरीचा एक पैसा कुणी घेतला नाही. सरकारी मदत पंचनामा होऊन मग आली. वर्षानुवर्षांचं हे देणंघेणं कुठल्या बाजारात विकत मिळेल, सांग. गावकी नसती तर त्या पावसात काकू ताडपत्रीखाली राहिली असती.

म्हणून मी समूहाला फक्त एवढंच विचारतो: नाही म्हणणाऱ्याचं तुम्ही काय करता? हे तुझ्या खुल्या बाजारवाल्या मित्रांना पुरणार नाही, माझ्या डाव्या मित्रांना तर मुळीच नाही.

परवा शिमग्याला गेलो होतो. पालखी दारात आली, नानांनी वर्गणी सगळ्यात आधी भरली. मग नेहमीसारखे अडून बसले: पावती हवी, स्वतःच्या नावाची, सहीची. गावकी पावत्या देत नाही. पंचांचा पोरगा हसत हसत वहीचं पान फाडून लिहून देतो. नानांच्या ट्रंकेत अशी एकोणीस पानं आहेत.

डिसेंबरात येतोयस ना? नानांकडे जाऊ, दोन दिवस काढून ये.

तुझा,
दिग्या