ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र : कोकणातले पीएमयू पडद्यापुरते नकोत

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र पीएमयूविषयी (फेझर मेजरमेंट युनिट, वीजजाळ्यातला व्होल्टेजचा कोन मोजणारे उपकरण) आहे : त्याचे आकडे केवळ नियंत्रण केंद्राच्या पडद्यावर न राहता कामी यावेत. पोफळीचे पाणी, अंजनवेलचा गॅस, जयगडचा कोळसा यांची वीज ४०० केव्ही वाहिन्यांनी सह्याद्री चढते. जयगडहून एक दुहेरी वाहिनी नवीन कोयनेला, दुसरी कऱ्हाडला. यातली एखादी बंद पडली की उरलेलीवर भार येतो आणि किनाऱ्यावरचा व्होल्टेजचा कोन (त्याची लहर किती पुढे-मागे आहे त्याचे अंशांतले माप) घाटावरच्या कोनाच्या आणखी पुढे सरकतो. स्काडा (नियंत्रण केंद्राला जाळ्याची स्थिती दाखवणारी नेहमीची संगणकप्रणाली) काही सेकंदांनी एकदा मेगावॅट दाखवतो, हा कोन थेट मोजत नाही. पीएमयू तो सेकंदाला २५ किंवा ५० वेळा मोजतो.

कोनाचे महत्त्व इटलीला विचारावे. २८ सप्टेंबर २००३ च्या पहाटे स्वित्झर्लंडमधली ३८० केव्हीची वाहिनी बंद पडली. दोन टोकांतला कोन ४२ अंश, वाहिनी जोडू द्यायची की नाही ते ठरवणाऱ्या रिलेची मर्यादा ३० अंश. वाहिनी परत जोडताच आली नाही. अर्ध्या तासात जवळजवळ सगळा इटली अंधारात होता.

आपल्याकडे धोक्याचा काळ जूनचा पहिला आठवडा. उन्हाळाभर इन्सुलेटरवर मीठ साचते. पहिली झिमझिम ते भिजवते, धूत नाही, आणि फ्लॅशओव्हरने (इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरून वीज झेपावल्याने) वाहिन्या एकामागोमाग ट्रिप होतात, म्हणजे आपोआप बंद पडतात. मे महिन्यात इन्सुलेटर धुणे हा कोणत्याही संगणकापेक्षा स्वस्त उपाय आहे.

पीएमयूची खरी दुखरी जागा म्हणजे त्याचे घड्याळ. वेळेत १ मिलिसेकंदाची चूक झाली तर ५० हर्ट्झवर कोन १८ अंशांनी चुकतो. किनाऱ्यावर घड्याळाला वेळ पुरवणाऱ्या जीपीएस अँटेनाचा कनेक्टर गंजतो, केबलमध्ये पाणी शिरते, सिग्नल जातो, घड्याळ हळूहळू भरकटते आणि पडद्यावर खोटा कोन दिसतो. म्हणून दर पावसाळ्याआधी कनेक्टर बदलून सील करावेत, सिग्नल गेल्यावर घड्याळ किती वेळ टिकते ते तपासावे, आणि ‘वेळ अविश्वसनीय’ अशी खूण असलेला डेटा गणनेतून आपोआप वगळावा. सीटीचा (वाहिनीतला प्रवाह मोजण्याजोगा लहान करणाऱ्या करंट ट्रान्सफॉर्मरचा) मीटरिंग कोअर वाहिनीवर दोष आल्यावर संपृक्त होतो, म्हणजे मोठा प्रवाह खरा दाखवत नाही; तेव्हाची नोंद हवी असेल तर प्रोटेक्शन कोअर वापरावा लागतो. निविदेत हे लिहिले नाही तर कंत्राटदार सोयीचा कोअर जोडून मोकळा होतो.

नंतर दोलने. दूरच्या दोन भागांतली जनित्रे एकमेकांविरुद्ध साधारण ०.२ ते ०.८ हर्ट्झने हेलकावतात. अवमंदन (हेलकावे विरण्याचे प्रमाण) घटल्याचा अलार्म वाजला, पण कोणत्या केंद्राने किती मेगावॅट उतरवायचे हे लेखी ठरलेले नसेल, तर कळव्याच्या भार प्रेषण केंद्रातला माणूस फोन लावत बसतो. ते आदेश आधी ठरवावेत. नवी वाहिनी आल्यावर जनित्रांचे पॉवर सिस्टिम स्टॅबिलायझर (हे हेलकावे आवरणारी नियंत्रणे) पीएमयूच्या नोंदी पाहून पुन्हा जुळवावेत. एकदा लावलेले सेटिंग कायमचे नसते.

पीएमयूच्या आकड्यांवरून होणारे स्वयंचलित नियंत्रण शेवटी. मोजमापापासून ब्रेकरपर्यंत (वाहिनी किंवा जनित्र तोडणाऱ्या स्विचपर्यंत) काही शंभर मिलिसेकंद जातात. दोलने आवरायला ते पुरतात, मूळ संरक्षणाच्या जागी चालत नाहीत. शिवाय पीएमयूचे आकडे नेणारे फायबर वाहिनीच्याच टॉवरवरून येते. निसर्ग (२०२०) आणि तौक्ते (२०२१) नंतर हे सांगायला नको : टॉवर पडला की वाहिनी आणि तिची बातमी दोन्ही जातात. दुसरा मार्ग वेगळ्या वाटेने, भूमिगत हवा. (महामार्गाच्या खोदकामात तो किती वेळा तुटेल, हा निराळा विषय.) एका पीएमयूच्या आकड्यावर जनित्र कधीही तोडू नये, दोन ठिकाणांचा दुजोरा आणि दोन्ही मार्ग चालू असल्याची खात्री, मगच ब्रेकरला आदेश.

पुढच्या मेआधी घड्याळांची तपासणी, लेखी आदेश आणि दुसऱ्या फायबरचा मार्ग, या तिन्हींच्या तारखा व जबाबदार अधिकाऱ्यांची पदे आपण जाहीर करावीत.

आपले,
कोकणातील पारेषण अभियंते